केळशी ते दाभोळ, पायी

“स्टोव्ह न्यायचा म्हणजे रॉकेल आलं. रॉकेल म्हणजे सांडलवंड आली. आणि एकदा सांडलं की आठवडाभर पोह्यांना वास,” बिराजदार म्हणाले.

“मग पोहे नको नेऊ,” आमचे हे म्हणाले.

“पोहे नाही नेले तर सकाळी खायचं काय? वाळू?”

मुळेसरांच्या घरी, बाहेरच्या खोलीत, रविवारी दुपारी हे चाललं होतं. सतरंजीवर मधोमध एक भलामोठा कागद पसरलेला. त्याच्या चारी कोपऱ्यांवर बिराजदारांच्या दुकानातल्या पितळी वाट्या ठेवलेल्या. कागदावर मुळेसरांनी स्वतः काढलेला कोकणचा किनारा. केळशीपासून दाभोळपर्यंत. खाड्या निळ्या, डोंगर तपकिरी, आणि वाळूवरून चालायची वाट लाल शाईत, ठिपक्याठिपक्यांची.

हे तिघं अंबाजोगाईतच एका शाळेत शिकलेले. बसवराज बिराजदारांचं मोंढ्याजवळ भांड्यांचं दुकान. आमचे हे, अंबादास, पाटबंधारे खात्यात. आणि मुकुंद मुळे शाळेत भूगोल शिकवायचे. पाठीवर सॅक टाकून समुद्राच्या कडेनं चालत जायचं, वाटेत जिथं अंधार पडेल तिथं झोपायचं, हे त्यांनी ठरवून चार हिवाळे झाले होते. पुण्याहून तीन सॅकसुद्धा आणल्या होत्या. आमच्या सॅकमध्ये मी लोकरीचे कपडे ठेवले होते. बिराजदारांच्या सॅकमध्ये महानंदानं उन्हाळ्यातले पापड भरले होते, आणि ती सांगायची की पापडांना इतकी कोरडी जागा दुसरी नाही.

कारण ते कधी गेलेच नाहीत. दरवर्षी दिवाळी झाली की नकाशा बाहेर निघायचा, रविवारमागून रविवार चर्चा व्हायची, तारीख ठरायची, आणि निघायच्या आठ दिवस आधी काहीतरी व्हायचं. बिराजदारांकडे माल येणार असायचा. ह्यांची रजा नामंजूर व्हायची. मग संक्रांत यायची, आणि नकाशाची गुंडाळी परत कपाटावर जायची.

आम्ही तिघी बायका आत स्वयंपाकघरात. शरयू, म्हणजे मुळेसरांची बायको, भजी तळत होती. महानंदा ओट्याला टेकून कान बाहेर लावून उभी होती.

“सुलूताई,” ती मला म्हणाली, “ह्या बाप्यांचे पोहे भिजून, आंबून, फेकून द्यायची वेळ आली की हो.”

मी हसले. शरयू हसली नाही. ती झाऱ्यानं भजी उलटत राहिली.

मी चहा घेऊन बाहेर गेले. मुळेसरांनी कप घेतला आणि सहज विचारलं, “वहिनी, आईंचा गुडघा कसा आहे आता?”

“कुठला गुडघा?”

ह्यांना एकदम ठसका लागला. बिराजदार त्यांच्या पाठीत थोपटू लागले. मुळेसर माझ्याकडे बघून गोड हसले आणि म्हणाले, “नाही, सहज विचारलं.” माझ्या सासूबाई त्या सकाळी आमच्या गच्चीवर पाण्याची कळशी घेऊन दोनदा चढल्या होत्या. मला काही कळेना. पण एवढ्यात महानंदा भज्यांचं ताट घेऊन दारात आली आणि मी तो विषय विसरले.

“काय ठरलं?” तिनं विचारलं.

“जानेवारीचा दुसरा आठवडा,” मुळेसर म्हणाले.

“यंदा काय होणारय जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात? आमच्या दुकानाला आग लागणारय का?”

“महानंदे,” बिराजदार म्हणाले, “काय बोलायलीस?”

“खरं बोलायलेय. मी अजून समुद्र बघितला नाही. लग्नात तुम्ही म्हणालात मुंबईला नेतो. नेलात तुळजापूरला. बरं, देवीला गेलो, पुण्य लागलं. पण ह्या कागदावर बघून बघून मला आता खाड्या पाठ झाल्या. तुम्हाला जायचं नसंल तर सॅक द्या इकडं. आम्ही जातो तिघी.”

बिराजदार जोरात हसले. हे पण हसले. मुळेसर मात्र हसले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला, सतरंजीवर सरळ बसले आणि म्हणाले, “खरंच जाता?”

महानंदानं त्या वाक्याच्या पुढचा काहीच विचार केला नव्हता, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. तिनं माझ्याकडे बघितलं. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हणाले, “हो. जातो.”

मुळेसरांनी नकाशा गर्रकन फिरवून आमच्या बाजूला केला. एक वाटी घरंगळत कोपऱ्यात गेली.

“हे बघा वहिनी, केळशीला उतरायचं. पहिल्या दिवशी जास्त चालायचं नाही, अंग मोकळं होऊ द्यायचं. इथं आंजर्ल्याची खाडी. होडी मिळते, पण ओहोटीला खूप चिखल असतो, तेव्हा चपला हातात. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो, तो चुकवू नका.” ते स्वतः कधीही तिथं गेलेले नव्हते. पण असे बोलत होते, जणू तिथल्या अंगणात लहानाचे मोठे झालेत. “आणि मुरुडपासून पुढं नुसती वाळू. सरळ. इथं शरयूला...”

“राहू दे,” आमचे हे म्हणाले.

आवाज इतका कोरडा होता की सगळेच थांबले. माझा नवरा आवाज चढवणाऱ्यातला नाही. भाजीत मीठ नसलं तरी तो मीठ मागत नाही, उठून घेतो.

“काय राहू दे?” मी विचारलं.

“हे बायकांचं जाणं वगैरे. काहीतरी डोक्यात घेऊ नका. अनोळखी मुलूख आहे.”

“तुम्हाला ओळखीचा आहे का?”

“सुलू, नको म्हणालो ना.”

“का नको? आम्हाला पाय नाहीत? का सॅक फक्त पुरुषांच्या पाठीवर बसते?”

बिराजदारही मान हलवायला लागले. “वहिनी, अंबादास म्हणतोय ते बरोबर आहे. सोडा विषय.” दोघांचे चेहरे असे पडले होते, जणू आम्ही घर सोडून निघालो होतो. शरयू इतका वेळ दारात उभी होती. ती आत गेली.

मला राग आला. मी कप गोळा केले, मागच्या अंगणात हौदापाशी गेले आणि दणादणा विसळायला लागले. पाठोपाठ हे आले. मी मुद्दाम वर बघितलं नाही.

“ऐक,” हे म्हणाले.

“ऐकते. अनोळखी मुलूख आहे.”

“मुकुंदाच्या हृदयाची झडप खराब आहे.”

माझा हात पाण्यातच थांबला.

“लहानपणी ताप येऊन गेला होता ना त्याला, त्याचं ते. डॉक्टरांनी सांगितलंय, ओझं उचलायचं नाही, चढ चढायचा नाही, लांब चालायचं नाही. ऑपरेशन करायचं का, कधी, ते अजून ठरत नाही. पहिल्या वर्षी आम्ही निघणार होतो तेव्हा शरयूवहिनी दुकानात आल्या होत्या. रडत होत्या. म्हणाल्या, हे तुम्हाला सांगणार नाहीत आणि सॅक उचलून निघतील. तुम्हीच काहीतरी करा, पण मी सांगितलं म्हणून सांगू नका.”

“मग?”

“मग काय. बश्याचा माल आला. माझी रजा नामंजूर झाली.”

“आणि आईंचा गुडघा?”

“गेल्या वर्षी गुडघा. त्याच्या आधी मोतीबिंदू.” ते हौदाच्या कठड्यावर बसले. “आम्ही दोघंच जाऊ शकलो असतो. पण त्याला मागं ठेवून कसं जायचं? आणि जायचं नाही असं सांगितलं, तर तो नकाशा काढायचा थांबला असता. तू बघितलंस ना त्याला नकाशावर बोलताना? शाळेत पण तो असा दिसत नाही गं.”

मी विसळलेले कप पालथे घातले.

“आणि आता तुम्ही तिघी त्याच्याच नकाशावर, त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच बायकोला घेऊन निघालात, तर त्याला कसं वाटेल?”

चार वर्षं मी ह्या माणसाला ‘सतरंजीवरचे प्रवासी’ म्हणून चिडवत होते. तो हसून सोडून देत होता. मी पदराला हात पुसले. त्यांच्या खांद्याला नुसता हात लावला आणि आत गेले.

बाहेरच्या खोलीत महानंदा नकाशाजवळ मांडी घालून बसली होती आणि मुळेसर तिला भरती-ओहोटी समजावून सांगत होते. मी म्हणाले, “महानंदा, जाऊ दे गं. मीच उगाच हो म्हणाले. मुलांच्या परीक्षा जवळ आल्यात.”

“जानेवारीत कुठल्या परीक्षा?”

“असतात. चाचणी असते.”

मुळेसरांनी मान वर केली. आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागं उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे. बराच वेळ बघितलं.

“अंब्या,” ते म्हणाले, “तू वहिनींना सांगितलंस.”



“काय सांगितलं?” महानंदानं विचारलं.

“माझं हृदय जरा गळकं आहे, महानंदावहिनी,” मुळेसर शांतपणे म्हणाले. “म्हणून मला लांब चालता येत नाही. आणि मला चालता येत नाही म्हणून ह्या दोन गाढवांनी चार वर्षं अंबाजोगाई सोडलं नाही.”

बिराजदार जागच्या जागी चुळबुळले. “तुला माहीत होतं?”

“अरे, मी मास्तर आहे. पोरं गृहपाठ न करण्याची जी कारणं सांगतात, ती तुमच्यापेक्षा बरी असतात. अंब्याची आई दरवर्षी डिसेंबरात आजारी पडते. मी तिला आठवड्याला बाजारात बघतो. अंगात माझ्या दुप्पट बळ आहे तिच्या! पिशव्या रिक्षात स्वतः टाकते.”

“मग बोलला का नाहीस?” हे म्हणाले.

“काय बोलू? मला वाटलं, हे इतकं मनापासून खोटं बोलतायत, तर बोलू द्यावं. आणि दुसरं असं, की मी म्हणालो असतो, मला जमत नाही, तुम्ही दोघं जा, तर तुम्ही गेला असतात का?”

“नाही,” बिराजदार म्हणाले.

“मग? निदान रविवार तर चांगले जात होते.”

आणि मग बिराजदार फिसकन हसले. तोंडावर हात धरून हसायला लागले. “अरे, मागच्या वर्षी मी तुला सांगितलं की परभणीहून हंड्यांचा ट्रक येणारय, तर तू विचारलंस, किती हंडे? मी म्हणालो दोनशे. तू म्हणालास, ठेवणार कुठं? मला त्या रात्री झोप नाही आली, हा आता बघायला आला तर दोनशे हंडे आणू कुठून!”

“मी येणारच होतो बघायला,” मुळेसर म्हणाले. “शरयूनं सोडलं नाही.”

मग आमचे हे हसायला लागले. ते हसताना रडतात, तसे रडतही होते. मुळेसर हसता हसता छातीवर हात ठेवून म्हणाले, “हळू, हळू हसवा, एवढं पण चालत नाही मला.” त्यावर तर सगळेच हसत सुटलो.

आतून शरयू आली. तिचे डोळे लाल होते. ती तिथं भिंतीला धरून उभी राहिली. मुळेसरांनी तिच्याकडे बघितलं आणि आवाज एकदम मऊ झाला.

“तू सांगितलंस ते बरं केलंस,” ते म्हणाले. “मी त्या वर्षी खरंच निघालो असतो.”

ती खाली बसली आणि कोपऱ्यात घरंगळलेली वाटी उचलून परत नकाशावर ठेवली.

“आता मुद्द्याचं,” मुळेसर म्हणाले. “जानेवारीचा दुसरा आठवडा. तुम्ही तिघी चालणार. सॅक तुमच्या. आणि आम्ही तिघं एसटीनं.”

“एसटीनं?”

“डॉक्टरांनी मला चालायला मनाई केलीय, बसायला नाही. तुम्ही वाळूवरून या. आम्ही गाडीनं दापोलीला जाऊन, वळसा घेऊन, पुढच्या गावात येतो. स्टोव्ह, रॉकेल, पोहे, सगळं गाडीत. तुम्ही पोचेपर्यंत चहा तयार.”

“कोण करणार चहा?” महानंदानं विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

“शिकू,” बिराजदार म्हणाले.

त्या दिवशी घरी जाऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं. मुलांना सांभाळायला त्या लागणार होत्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मुलाला हाक मारली. “अंबादास, मला मोतीबिंदू पण झाला होता?” हे मान खाली घालून उभे. “मग चष्म्याचं तरी बघितलं असतंस खरं! चार वर्षं मी सुई ओवायला शेजारची पोरगी बोलावते.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तू जा. पोरांचं मी बघते. माझा गुडघा झकास आहे.”

पुढचे पंधरा-वीस दिवस कसे गेले ते मला अजून आठवतं. रविवारची बैठक आता रोज संध्याकाळी भरायची आणि नकाशाभोवती आम्ही बायका बसायचो. मुळेसरांनी आम्हाला सराव करायला लावला. सॅकमध्ये ज्वारी भरायची आणि मुकुंदराजाच्या समाधीच्या वाटेनं जाऊन यायचं. पहिल्या दिवशी महानंदा परत आली ती ओट्यावर आडवी झाली आणि म्हणाली, “बाई गं, ज्वारी खायला हलकी, न्यायला काय जड!” रस्त्यात लोक विचारायचे, ज्वारी दळायला एवढ्या लांब? आम्ही म्हणायचो, हो, तिकडची गिरणी बारीक दळते. आमचे हे रोज माझ्या सॅकचे पट्टे कमी-जास्त करायचे, मागं उभं राहून बघायचे, परत सोडायचे. लग्नात मंगळसूत्र घालतानासुद्धा त्यांनी इतका वेळ घेतला नव्हता. शरयू साडीवर बूट घालून आली तेव्हा मुळेसर तिच्याकडे बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघींनी पंजाबी ड्रेस शिवायला टाकले.

आणि आम्ही गेलो. खरोखर गेलो.

केळशीला सुरूच्या झाडांतून बाहेर पडलो आणि समोर समुद्र आला. महानंदा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, “आमच्या नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. आणि इथं हे असं मोकळं सोडून दिलंय!” ती तशीच बुटांसकट पाण्यात शिरली. आंजर्ल्याच्या खाडीत आम्ही चिखलात गुडघ्यापर्यंत रुतलो, होडीवाल्यानं आम्हाला एकेक करून ओढून काढलं. रोज कुठल्यातरी गावच्या देवळापाशी नाहीतर शाळेच्या ओसरीवर आमचे तीन पुरुष स्टोव्हशी झटापट करताना सापडायचे. पोह्यांना रॉकेलचा वास होता. आम्ही ताटं चाटूनपुसून खाल्ली.

त्याला आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली. त्यानंतर दोन वर्षांनी पुण्याला मुळेसरांच्या झडपेचं ऑपरेशन झालं आणि चांगलं झालं. ते रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली. पुढं आम्ही पुष्कळ ठिकाणी गेलो, सहाही जण चालतसुद्धा गेलो. पण मला कुणी विचारलं तर मी तिसऱ्या दिवसाचं सांगते. आणि त्यातलं महत्त्वाचं मी बघितलेलं नाही. ते मला ह्यांनी नंतर, परतीच्या गाडीत, सगळे झोपलेले असताना सांगितलं.

त्या दिवशी आम्ही मुरुडहून कर्द्याकडे चाललो होतो. लांबच लांब ओली, घट्ट वाळू, ऊन उतरलेलं, पाणी मागं सरकलेलं. महानंदा शंख गोळा करत होती, मी तिच्यासाठी थांबत होते. आणि शरयू आमच्यातून सुटून पुढं गेली होती. मी दोनदा हाका मारल्या. तिला ऐकू गेल्या नाहीत. पाठीवर सॅक, हात मोकळे, आणि ती अशी चालली होती, की मी बघतच राहिले.

पलीकडच्या टोकाला तिघं पुरुष वाळूत बसले होते. बिराजदार स्टोव्हला पंप मारत होते. किनाऱ्यावर दूर एक ठिपका दिसायला लागला. फक्त एकच.

“कोण असेल?” बिराजदारांनी विचारलं. “आपल्यातली नाही वाटत. तिघी असतील ना.”

“कोळीण असेल कुणी,” हे म्हणाले. “चाल बघ की.”

मुळेसर डोळ्यांवर हात धरून बघत होते. ठिपका भराभरा मोठा होत होता. मग ते उठून उभे राहिले.

“शरयू आहे,” ते म्हणाले.

“एवढ्या लांबून कसं ओळखलंस?”

मुळेसरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तिच्या दिशेनं पाण्याच्या कडेकडेनं सावकाश निघाले. दोन पावलं जाऊन थांबले आणि मागं वळून म्हणाले,

“लग्न ठरायच्या आधी ती कॉलेजात अशी चालायची. मी सायकलवर असायचो, तरी मागं पडायचो.”